विरोध निरंक

म्हसरूळ, नाशिक
२२ ऑक्टोबर २०२५

दिनेश,

उद्या भाऊबीज. मी येणार नाही. माझ्यासाठी पाट मांडू नको असं भावजयीला सांग, आणि तिने कारण विचारलं तर हे पत्र तिच्या हातात दे. फोन मी मुद्दाम करत नाही. फोनवर तू 'हो ताई, बघतो ताई' म्हणतोस आणि बोलणं तिथेच विरतं. म्हणून हे उंबरमाळ ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर, सरपंचांच्या नावाने, पोच घेऊन पाठवते आहे. मिळालंच नाही म्हणायला जागा उरायला नको.

पेठच्या तहसील कचेरीत लागलेल्या नोटिशीचा फोटो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने पाठवला. उंबरमाळच्या डोंगरात दगडखाण, पाच हेक्टर. कुंभमेळ्याच्या रस्त्यांना खडी हवी आहे आणि खडीला आपला डोंगर हवा आहे. सोबत आपल्या ग्रामसभेचा ठराव जोडलेला. दिनांक ९ ऑक्टोबर, विशेष सभा, हजर दोनशे बारा, खाणीची शिफारस एकमताने मंजूर. खाली शेवटची ओळ: 'विरोध निरंक.'

निरंक, म्हणजे शून्य. जत्रेचा नाच कुठल्या पाड्यावरून निघायचा यावर ज्या गावात दोन दिवस वाद चालतो, तिथे डोंगर फोडायला दोनशे बारा माणसं एका सुरात हो म्हणाली. एकही उठून भांडला नाही. भागीआत्यासुद्धा नाही, जी स्वतःच्या लग्नात मांडवाच्या जागेवरून भांडली होती.

नऊ ऑक्टोबरला गावात होतं कोण रे? छाटणीचे दिवस. दिंडोरीच्या द्राक्षबागांच्या पिकअप गाड्या सप्टेंबर संपायच्या आत गाव उपसून नेतात. मागे राहतात म्हातारी माणसं, बाळंतिणी, कोंबड्या आणि सरपंच. दोनशे बारा भरायला तू कोंबड्याही मोजल्यास का?

अकरावीला राज्यशास्त्र तू माझ्याच वर्गात शिकलास. मी फळ्यावर लिहिलेलं तुला आठवत नाही असं दिसतं, पुन्हा लिहिते. सत्ता दिल्लीची असो, मुंबईची असो की उंबरमाळची, तिला कुंपण लागतं. घटना म्हणजे ते कुंपण. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. इथे दगड काढायचा परवाना द्यायच्या आधी ग्रामसभेची शिफारस घ्यावी लागते. आधी घ्यावी लागते आणि ग्रामसभेची घ्यावी लागते. सरपंच त्या सभेचा सेवक असतो. प्रजेला न विचारता कर बसवणाऱ्या राजांची डोकी कशी उडाली ते मी तुम्हाला तासभर सांगितलं होतं. तू ते पाच गुणांसाठी पाठ केलंस आणि उत्तरपत्रिकेबरोबर देऊन टाकलंस.

त्या डोंगराच्या पायथ्याशी झरा आहे. मे महिन्यात गावाला पाणी देणारा तेवढा एकच. पहिल्या सुरुंगानंतर तो कुठे जाईल हे तुझ्या खाणवाल्याला ठाऊक नाही, तुला तर नाहीच. ज्यांच्या घागरी तिथे भरतात त्यांना तू विचारलंस का?

हरकत नोंदवायला तीस दिवस आहेत. त्याआत खरी सभा बोलाव आणि ठराव मागे घे. नाहीतर मी घेते काय घ्यायचं ते.

आशा

*

म्हसरूळ
१० नोव्हेंबर २०२५

दिनेश,

तुझं उत्तर मोबाइलवर आलं, एका ओळीत. 'ताई, गावाच्या भल्यासाठी केलं आहे, समोरासमोर बोलू.'

हे वाक्य माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. आजवर पृथ्वीवर जेवढे जुलूम झाले ते सगळे कोणाच्या तरी भल्यासाठी झाले. इंग्रजांनी आपली जंगलं घेतली ती जंगलाच्या भल्यासाठी. आणीबाणी देशाच्या भल्यासाठी. भलं कशात आहे हे ज्याचं त्याला विचारायचं, एवढ्या एका गोष्टीसाठी माणसांनी घटना लिहिली. तू ती गोष्ट वगळलीस आणि बाकी सगळं पाळलंस. राष्ट्रध्वज मात्र वेळेवर लावतोस.

काल रविवारी मी दिंडोरीला गेले. बागेत आपली माणसं फुटवे काढत होती. भागीआत्या रांगेच्या टोकाला होती, डोक्याला टॉवेल बांधून. मंगळू तिच्या मागे. तोच मंगळू, तुझ्या बरोबरीचा, चौथीपर्यंत तुझ्या शेजारी बसणारा. मी विचारलं, नऊ ऑक्टोबरला सभेला गेला होतास का.

"कसली सभा? नऊला गुरुवार व्हता. आमी पलीकडच्या रांगेत पेस्ट लावत व्हतो."

छाटलेल्या काडीच्या डोळ्यांना लावायची ती पेस्ट. कुठल्या डोळ्याला लागली ते दिसावं म्हणून तिच्यात लाल रंग घालतात. हातमोजे फाटके, त्यामुळे हात आठवडाभर लाल.

"मग सही कशी झाली?" मी विचारलं.

"पंचायतीचा शिपाई रजिस्टर घिऊन बांधावर आला ना. म्हनला, पटापट मारा, मला अजून चार बागा करायच्यात. मी म्हनलं हात धुऊन येतो. तर म्हनला, ऱ्हाऊ दे, असाच लाव अंगठा."

"वर काय लिहिलं होतं?"

"वर? काय नाय. कोरं पान."

ऐकलंस? तुझ्या एकमताच्या ठरावावर द्राक्षाची पेस्ट लागली आहे. झेरॉक्समध्ये काळी दिसते, मूळ पानावर लाल असेल. त्या बागेच्या हजेरीवहीत नऊ तारखेला उंबरमाळची एकसष्ट नावं आहेत. एकसष्ट माणसं एकाच दुपारी दिंडोरीत वेली रंगवत होती आणि उंबरमाळात सविस्तर चर्चा करत होती. संत अशा गोष्टी करत असत म्हणतात. खाणीच्या कामी त्या उपयोगी पडतील असं त्यांना वाटलं नसेल.

आत्याला मी म्हटलं, तू तरी विचारायचंस.

"इचारलं ना. म्हनला रस्ता व्हनार. म्हनलं मंग रस्त्याचं मला कशाला इचारतो, कर की. डोंगराचं त्यानं नाव नाय काढलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन तू एवढी तावात नको बोलू, मुकादम बघतोय. दिनेशला मत दिलं गं आमी. अंगठा काय त्याच्याकडं ठिवायला दिला नव्हता."

त्यानंतर ती काहीतरी जुनं बोलू लागली, जीपचं आणि पहाटेचं. ते इथे लिहिण्याचं कारण नाही.

तुझा रस्ता मला कळला. खाणवाला पाड्यापर्यंत डांबरी रस्ता करून देणार आहे, म्हणजे बाळंतीण झोळीतून न्यावी लागणार नाही. रस्ता हवाच. माझाही हात त्या झोळीच्या बांबूला लागलेला आहे, तुझ्या आधी. पण रस्ता हवा की झरा, हा सौदा करायचा तर तो दोनशे बारा माणसांनी करायचा. तू त्यांचा अंगठा घेतलास आणि तोंड घरी ठेवायला सांगितलंस.

हरकत दाखल केली आहे. सोमनाथ वकील नाशिकहून काम बघतील. तू शपथेवर काय सांगणार आहेस ते आतापासून ठरव.

आशा

*

म्हसरूळ
२७ नोव्हेंबर २०२५

दिनेश,

काल माझं या आठवड्यातलं सातवं भाषण होतं. संविधान दिनाला मला मागणी असते. सहा शाली जमल्या आहेत, सातवीकडे बघवत नाही. संस्थेच्या अध्यक्षांनी समोर बसलेल्यांना उभं करून उद्देशिका म्हणायला लावली आणि 'बंधुता' येईपर्यंत दोनदा घड्याळ पाहिलं. ज्या संस्थेत बारा वर्षं निवडणूक झाली नाही, तिथे लोकशाहीवर बोलायला मला कारने नेतात. मी जाते. मी बोलते. टाळ्या वाजतात आणि मंडळी इडलीकडे वळतात.

तू शेवटच्या रांगेत बसला होतास. पांढरा शर्ट, खिशाला पेन. कोणीही सत्ता मोजूनमापून वापरली पाहिजे, असं मी म्हणत होते तेव्हा तू मान हलवलीस. मला वाटलं, वितळला. नंतर तू जिन्यात आलास आणि म्हणालास, "ताई, भाषण चांगलं झालं. हे घरी जाऊन बघ." पाकीट दिलंस आणि पाया पडून गेलास. पाया पडलास हे विशेष.

पाकिटात एका पानाची झेरॉक्स. उंबरमाळ ग्रामसभा, जानेवारी २०१३, ठराव क्रमांक चार, सामूहिक वनहक्काचा दावा. हजर एकशे चौऱ्याऐंशी.

अक्षर माझं आहे. नाकारत नाही.

तू मला धमकी देतोस? त्या वेळी आपल्या जंगलात मोळी घेऊन निघालेल्या बाईच्या पाठीवर गार्डची काठी पडत होती. दावा त्या महिन्यात गेला नसता तर तालुक्याच्या गठ्ठ्यात आपलं गाव राहून गेलं असतं. माणसं कामाला निघाली होती. गणपूर्ती कुठून आणणार होते मी, खांडव्याच्या पाड्यावरून उसनी? मला वेळ नव्हता. मी ते केलं म्हणून आज एकशे चाळीस हेक्टर जंगलावर गावाचं नाव आहे, म्हणून तुझी बायको हिरडा गोळा करते आणि तिला कोणी हटकत नाही. तुझी खाण एका माणसाची आहे. माझा दावा गावाचा होता. दोन्ही पानं एका पाकिटात घालताना तुला लाज वाटायला हवी होती.

ते पान पुढे आलं तर जंगल जाईल हे तुला कळतं. कळून तू ते मला दिलंस. चांगला शिकलास.

तुझ्याशी माझं बोलणं संपलं.

आशा

ता. क. वरचं तीन वेळा वाचलं. त्यात एक वाक्य आहे, माझा दावा गावाचा होता. ते खोडावंसं वाटतं. खोडत नाही, तसंच पाठवते. पत्र फाडलं तर तू जिंकलास असं होईल.

*

म्हसरूळ
२१ डिसेंबर २०२५

दिनेश,

तुझा फोन घेतला ही माझी चूक. "तू गप्प राहा, मी गप्प राहतो. रस्ता होऊ दे, जंगल राहू दे, कोणाचंच काही जाणार नाही." दोन राजांनी नकाशावर बोट फिरवून वाटणी करावी तसं बोललास. झऱ्याचा उल्लेख तुझ्या वाटणीत नव्हता.

सोमनाथ वकिलांचा सल्लाही ऐक. मी त्यांच्यासमोर दोन्ही पानं ठेवली. त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "मॅडम, खाणवाल्याचा वकील मूर्ख नाही. आपण कोऱ्या पानाचं म्हटलं की तो जुनी रजिस्टरं मागवेल. म्हणेल, साहेब, या गावाची पद्धतच आहे ही, आधी अंगठा, मग ठराव. तो ठराव खोटा तर हाही खोटा. आपण हजेरीला हातच लावू नये. फक्त पाण्यावर बोलू. झरा आटेल, भूजलाचा अहवाल आणू, बस." मग समजुतीने म्हणाले, "तुमच्या नावाचाही विचार करा."

हुशार माणूस आहे. नावाचा विचार मी चार दिवस केला. चांगलं मोठं नाव आहे, सात शालींत गुंडाळलेलं.

आता तुला सांगते ते भागीआत्याला आठवतं आणि मला आठवायचं नव्हतं. २०१३, जानेवारी, पहाट. कामाला निघालेली जीप शाळेपाशी उभी. मी रजिस्टर बॉनेटवर ठेवलं. थंडीने शाई उमटत नव्हती, मी एकेकाचं बोट धरून दाबत होते. "कशाला गं?" लोक विचारत होते. मी म्हणत होते, जंगल आपलं होणार. एवढंच. कुठलं जंगल, हद्द कुठून कुठे, आत कोणाची शेतं येतात, काही नाही. जीप सुटली. मी नाशिकला आले आणि दोन दिवसांनी, चहा पीत, टेबलावर बसून लिहिलं की 'सर्व उपस्थितांनी सविस्तर चर्चा केली.' वाक्याला लय यावी म्हणून 'सखोल' हा शब्दही घातला. आणि शेवटी लिहिलं, विरोध निरंक. तुझ्या ठरावातली ती ओळ तू माझ्या ठरावातून उतरवलीस. तेव्हा तू माझ्या शेजारी नकला काढायला बसायचास.

आणि मंगळू. त्याच्या बापाचा नागलीचा तुकडा डोंगराच्या उतारावर होता, अर्धा एकर. तो आपल्या सामूहिक हद्दीत गेला. त्याचा वैयक्तिक दावा कोणी भरलाच नव्हता. पुढे गावाच्या वनहक्क समितीने त्याला तो कसायला मनाई केली, जंगल सगळ्यांचं म्हणून. त्या दिवशी सभा झाली असती तर तो उठून बोलला असता, आणि गावाने त्याला हो किंवा नाही म्हटलं असतं. तो जीपमध्ये होता. त्याचा अंगठा एकोणचाळिसावा आहे.

मला तेव्हा माहीत नव्हतं असं लिहिणार होते. माहीत होतं. नकाशा मीच काढला होता. एका माणसासाठी सगळ्यांचं काम अडेल असं वाटलं, म्हणून रेष सरळ नेली. गेल्या महिन्यात त्या माणसाने बागेत मला स्वतःच्या वाटचा चहा दिला आणि मी तो पिऊन तुझ्या पापाचा पुरावा गोळा केला.

वीस वर्षं मी माणसांना सांगते आहे की ज्याचं नुकसान होणार त्याचं म्हणणं आधी ऐका. चोराचंही ऐका. हे न्यायाचं पहिलं पान आहे, बाकीचा ग्रंथ नंतर. हेतू चांगला असला की ऐकायची गरज नाही असं समजणाऱ्यांची मी व्यासपीठावरून चामडी सोलली. टाळ्या घेतल्या. तुझ्या भल्यासाठीवर मी पानभर थुंकले आणि त्याच थुंकीत माझा हात होता.

तू माझ्यापेक्षा वाईट नाहीस. ही शिवी समज.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी दोन्ही पानांबद्दल सांगणार आहे. वकिलांना कळवलं आहे, ते नाराज आहेत. जंगल जाऊ शकतं, हे त्यांनी मला लेखी दिलं. ते जंगल पणाला लावायचा मला हक्क नाही असं तू म्हणशील. खरं आहे. म्हणून लावणार नाही. सांगणार आहे. पुढचं गावाने ठरवायचं.

आशा

*

म्हसरूळ
२७ जानेवारी २०२६

दिनेश,

काल तू तीन तास माझ्या शेजारी बसला होतास, तरी लिहिते. सभेत काय झालं ते नंतर घरी बसून रचायची आपल्या दोघांना सवय आहे, म्हणून एकदा घडलं तसं लिहून ठेवते. चुकलं तर दुरुस्त कर.

झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या. दिंडोरीहून चार पिकअप भरून लोक काम टाकून आले. मुकादम सुट्टी देत नव्हता, तरी आले. ग्रामसेवकाने शाळेच्या वर्गात डोकी मोजली, आपण दोघं सोडून एकशे अठ्ठावीस. तू टेबलामागे खुर्चीवर, मी समोर. मी दोन्ही पानं वर धरली आणि बोलायला लागले. चांगलं बोलत होते. घटना समितीपर्यंत पोचले होते, तेव्हा भागीआत्या म्हणाली, "आशा, ते आमाला रेडिओवर बी ऐकू येतं. तू काय केलं ते सांग."

मग सांगितलं. जीप, बॉनेट, शाई, नकाशा. मंगळूकडे बघून सांगायचं ठरवलं होतं, जमिनीकडे बघून सांगितलं. कोणी ओरडलं नाही. मागून एक बाई म्हणाली, "म्हंजी तवा बी आमी चर्चा केली व्हती व्हय?" आणि बायका हसल्या. मी शिव्यांची तयारी करून आले होते. हसण्याची केली नव्हती.

तू उठून म्हणालास, झालं ते झालं, आता शांतपणे निर्णय घेऊ, मी अध्यक्ष म्हणून विषय मांडतो. तेव्हा मंगळू बोलला. त्याला सभेत बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

"दिनेशभाऊ, कबड्डीत जो खेळतो तो शिट्टी नाय मारत. तुझ्याच कागदाचं चाललंय. तू भाईर बस."

ग्रामसेवक नियमांचं पुस्तक चाळू लागला. त्याला ते पान सापडायच्या आधी लोकांनी भागीआत्याला खुर्चीवर बसवलं होतं. ती खुर्चीवर मांडी घालून बसली. कोणीही आपल्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ शकत नाही, हे तत्त्व मी तुला लॅटिनमध्ये शिकवलं होतं. चौथी पास माणसाने ते शिट्टीवर आणून ठेवलं.

तू बाहेर निघालास तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करते. मी खाली बसणार होते, पुढच्या रांगेत. आत्याने विचारलं, "तुझं मत कुठं हाय गं?"

"नाशिकला. म्हसरूळला."

"मंग तू गावची कुठं? सांगायचं ते सांगितलंस ना, झालं. भाईर बस जा, भावाजवळ."

मतदार यादीतलं नाव मी सहा वर्षांपूर्वी हलवलं. महापालिकेत उभं राहायचं डोक्यात होतं, तुला सांगितलं नव्हतं. ग्रामसभा सर्वोच्च असते असं मी साठ गावांत गरजून सांगितलं आहे. त्या सर्वोच्च सभेने मला पायरी दाखवली. कायद्याने ती बरोबर होती. चपला घालून मी बाहेर आले.

मग तीन तास शाळेच्या पायरीवर आपण दोघं. तू एकदा म्हणालास, "पाणी आणू का?" मी नको म्हटलं. खिडकीतून आवाज येत होते. रस्त्यावरून भांडण झालं, ते तू ऐकलंस. वरच्या पाड्याची बाई रडून म्हणाली की माझी सून झोळीत गेली, मला खाण चालेल. तिला कोणी गप्प केलं नाही. झऱ्याचं झालं. मग जंगलाचं. कोणी म्हणालं, जुनं पान कशाला उकरता, कोणाला माहीत आहे. त्यावर आत्या म्हणाली, "दोघं भाईर बसलीत ती काय हवा खायला?" पुढचं ऐकू आलं नाही. तू ऐकायला वाकलास, मीही वाकले, आणि आपली डोकी एकमेकांवर आपटता आपटता राहिली.

ठरलं ते असं. खाणीची शिफारस गावाने कधी केलीच नव्हती, असं कळवायचं. बाजूने एकशे तीन, विरोधात पंचवीस. रस्त्यासाठी वेगळा अर्ज. वनहक्काच्या २०१३च्या पानाची खरी हकीकत जिल्हा समितीला लिहायची आणि त्याच सभेत, सगळ्यांना हद्द वाचून दाखवून, दावा नव्याने मांडायचा. मंगळूने आपला अर्धा एकर वगळायला सांगितलं. लोकांनी ऐकलं, बराच वेळ ऐकलं, आणि नाही म्हणाले. उतार आहे, नांगरला तर माती झऱ्यात येईल. मंगळू म्हणाला, मग माझा विरोध लिहा. ग्रामसेवकाने विचारलं, एकट्याचा कशाला? तो म्हणाला, एकट्याचाच लिहा, पण कारण पण लिहा. लिहिलं. मग ठराव आधी दोनदा मोठ्याने वाचला आणि नंतर सह्या झाल्या. त्याने विरोधाखाली सही केली. अंगठा नाही, सही. त्याला सही येते हे मला माहीत नव्हतं. बॉनेटवर मी कोणाला पेन दिलंच नव्हतं.

मंगळूचं नुकसान दुसऱ्यांदा झालं. यावेळी त्याच्या तोंडावर झालं आणि कागदावर त्याच्या शब्दांत आहे. त्याला अपील करता येईल. मी त्याचा अर्ज लिहून देऊ का विचारलं तर म्हणाला, "तुमी नका लिहू." बरोबर आहे.

जंगल राहील की जाईल, मला सांगता येत नाही. समिती रद्द करू शकते. माझ्यावर गुन्हा नोंदवू शकते, तुझ्यावर नक्की. माझ्या पानाबद्दलचं प्रतिज्ञापत्र मी आज सकाळी सोमनाथ वकिलांकडे दिलं. नऊ फेब्रुवारीला हरकतीच्या सुनावणीत तुझी तारीख आहे. मी तुला काही शिकवणार नाही. तुला माझ्याकडून जे शिकायचं होतं ते तू शिकून बसला आहेस.

एक राहिलं. सभा सुटल्यावर ग्रामसेवक रजिस्टर घेऊन बाहेर आला. तू सवयीने खिशातलं पेन काढलंस, पान उघडायला लावलंस आणि सरपंचाच्या जागेवर वाकलास. मीही तुझ्या मागे उभी होते, आणि खोटं कशाला बोलू, माझाही हात पर्समध्ये पेनाकडे गेला होता.

आत्याने येऊन रजिस्टर मिटलं.

"तू आत व्हतास का?" ती म्हणाली. "मंग सही कशाची करतोस?"

आशाताई